डोणगावकर बाहेरगावी आहेत

श्री. श्रीधर डोणगावकर, निवृत्त बँक अधिकारी, राहणार गंगासागर सोसायटी, मुकुंदवाडीच्या पुढे, संभाजीनगर, हे ऐन मे महिन्यात जगप्रवासाला निघाले आणि शेवटपर्यंत सोसायटीबाहेर पडले नाहीत.

यात वेडेपणा काहीच नव्हता. त्यांचा मुलगा शंतनू पुण्याला कॉम्प्युटरमध्ये नोकरी करतो. वडिलांचा पासपोर्ट एकही शिक्का न बसता मुदत संपून कपाटात पडला, हे त्याच्या मनाला लागलं होतं. म्हणून त्याने घरी विमानच पाठवलं. म्हणजे विमानाचं सगळं: हातात धरायचा दांडा, पायाखालच्या पट्ट्या, बटणांची फळी आणि भिंतभर पडदा. पडद्यावर उपग्रहाने टिपलेली खरीखुरी पृथ्वी. बसा, उडा, वाटेल तिथे उतरा. सोफा बाल्कनीत गेला आणि हॉलचा विमानतळ झाला.

डोणगावकरांना कुठलीही गोष्ट अर्धवट करायची सवय नव्हती. उड्डाणाआधी ते बूट घालायचे. मीनाक्षीताईंच्या हातून दही-साखर घेऊन, देवाला नमस्कार करून खुर्चीत बसायचे. पोहे चंदेरी कागदात गुंडाळून ट्रेमध्येच मागायचे. स्वित्झर्लंडच्या वाटेवर तर त्यांनी कानटोपी चढवली.

"अहो, घामाच्या धारा लागल्यात!" मीनाक्षीताई म्हणाल्या.

"खाली बर्फ आहे," डोणगावकर म्हणाले. "शिस्त म्हणून काही असते की नाही?"

मुक्कामाला पोचलं, की सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसह खबर जायची: 'आम्ही कैरोला सुखरूप.' लोक आधी हसले. मग कोणी 'शुभ प्रवास' लिहिलं, कोणी 'येताना खजूर आणा'. कोणी परदेशी निघालं की विमानतळावर सोडायला जायची आपली रीत; इथे तर विमानतळ एक जिना चढून होता. वरच्या मजल्यावरच्या सरूबाई नारळ घेऊन निरोपाला येऊन गेल्या. सगळं कसं हसतखेळत चाललं होतं. घोडं अडलं ते पाण्यावर.

आदल्या वर्षी पावसाने तोंड फिरवलेलं. शेतात काही उगवत नव्हतं, पण शहराच्या कडेला इमारती मात्र जोमाने उगवत होत्या. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी यायचं, तेसुद्धा तोंड दाखवून जायचं. त्यामुळे गंगासागर सोसायटीचा सगळा जीव टँकरवर. टँकर खालच्या हौदात रिता व्हायचा आणि मग सेक्रेटरी पुंजाराम औताडे एकेका घराचा व्हॉल्व्ह उघडायचे. औताडे मूळचे फुलंब्रीकडचे शेतकरी, नोकरीने कारकून. शेत सुटलं होतं, पण पाण्याच्या पाळ्या लावायची हौस सुटली नव्हती.

शनिवारी टँकर येणार होता आणि रविवारी डोणगावकरांकडे धाकट्या लेकीचं, चारुताचं, डोहाळजेवण होतं. जालन्याहून व्याही यायचे होते. चारुताला डोहाळे ना चिंचेचे लागले ना कैरीचे. "आई, एकदाच नळाखाली बसून मनसोक्त आंघोळ करायचीय गं," ती म्हणाली. "मग किती का बादल्या होईनात." लेकीची एवढी हौस पुरवायचीच, असं मीनाक्षीताईंनी मनाशी धरलं.

शुक्रवारी सकाळी हौदाच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं दिसलं: 'डोणगावकर बाहेरगावी. व्हॉल्व्ह बंद.'

डोणगावकर तरातरा खाली उतरले. "औताडे, हा काय प्रकार? मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"दिसायलेत की तुम्ही," औताडे शांतपणे म्हणाले. "पण नियम दिसण्यावर नाय. वाचा."

हौदावर ऑइलपेंटने रंगवलेलं होतं: 'जो सभासद बाहेरगावी असल्याचे स्वतः जाहीर करील, त्यास त्या मुदतीत टँकरचे पाणी अनुज्ञेय नाही.' भाषा मोठी घोटीव होती. असायलाच हवी. गावी गेलेल्या एका शेजाऱ्याचा नळ उघडा राहून पाणी वाहून गेलं, तेव्हा डोणगावकरांनीच ती लिहून दिली होती.

"अहो, पण मी खरंच गेलोय का?"

"काल सायंकाळी ग्रुपवर कोण टाकलं? 'आम्ही झुरिकला सुखरूप. इथे छान पाऊस आहे.' खोटं होतं काय ते?"

खोटारडा ठरण्यापेक्षा डोणगावकरांना झुरिकला असणं परवडत होतं.

"तुम्हीच सांगा साहेब," औताडे समजुतीच्या सुरात म्हणाले, "जिथं पाऊस पडायलाय, तिथल्या माणसाला टँकर कशाला?"

"परवा घरात कार्य आहे हो! व्याह्यांसमोर शोभा होईल माझी."

"शोभा कशाला होऊ द्यायची? परत या ना."

"कुठून?"

"झुरिकहून. रीतसर. आपलं चिकलठाण्याचं विमानतळ हाय की तुमच्या त्या पडद्यात? उतरा. मी डोळ्यांनी बघतो आन् व्हॉल्व्ह उघडतो."

"त्यापेक्षा आत्ता यंत्र बंद करतो, झालं!"

"त्याला परत येणं नाय म्हणत. विमान मधीच गायब झालं, तर माणूस बेपत्ता धरत्यात. आन् बेपत्त्याच्या पाण्याचा नियम आपण अजून केलाच नाय. त्याला सर्वसाधारण सभा लागंल. सभा दिवाळीत."

मीनाक्षीताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "विमानाने या नाहीतर बैलगाडीने या. मला उद्या पाणी पाहिजे."

शुक्रवारी संध्याकाळी डोणगावकरांनी झुरिक सोडलं. वेळ भरभर पळवायची सोय यंत्रात होती, पण औताड्यांनी ती नामंजूर केली. लोक जितके तास बसतात तितके बसा, म्हणाले. विमान आपलं आपण चाललं आणि डोणगावकर खुर्चीतच पेंगले. शनिवारी सकाळी संभाजीनगर जवळ आलं, तेव्हा साक्षीला अख्खी सोसायटी हॉलमध्ये दाटीवाटीने उभी होती.

आणि उजव्या हाताला आमच्या धरणाचा नाथसागर दिसला. भरलेला! पार कडेपर्यंत निळाशार, भोवती हिरवंगार रान. यंत्रातली ती चित्रं कुठल्यातरी चांगल्या पावसाळ्यानंतरची होती, पण हे कोणाच्या लक्षात येतंय?

"आगं माय, केवढं पाणी!" सरूबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

औताडे खुर्चीवरून उठले. "साहेब, इतक्यात उतरू नका."

"पण व्हॉल्व्ह?"

"व्हॉल्व्ह काय पळून चाललाय? एक चक्कर मारा पाण्यावरून. जरा खालून घ्या."

डोणगावकरांनी एक चक्कर मारली, मग लोकाग्रहास्तव आणखी एक. तेवढ्यात सरूबाई वर जाऊन खण-नारळ घेऊन आल्या. धरण भरलं की ओटी भरायची, रीत म्हणजे रीत. पडद्यापुढे हळदकुंकू वाहिलं गेलं. मग कोणाला तरी आठवलं, की जलपूजन पदाधिकाऱ्यांच्या हस्ते व्हायला हवं. औताड्यांना टोपी चढवण्यात आली. शिंपडायला पाणी पाहिजे म्हणून मीनाक्षीताईंना आत पिटाळलं. त्या माठ तिरपा करून उरलंसुरलं तांब्यात गाळत होत्या.

नेमका तेव्हाच खाली हॉर्न वाजला. टँकर आला होता.

टँकरचा ड्रायव्हर गोकुळ हॉर्न वाजवून दमला आणि जिना चढून दारात आला. पुढे नुसत्या पाठीच पाठी. "औताडेसाहेब, हौदाचं झाकण खोला की!"

औताडे डोळे मिटून, हात जोडून उभे होते. "थांब रे बाबा! आम्ही धरणावर आहोत."

"समदे?"

"समदे!"

गोकुळ थांबला नाही. न विचारता पाणी सोडलं म्हणून मागे एकदा औताड्यांनी त्याला चारचौघांत झापलं होतं, तेव्हापासून तो नियमाला लई भिऊन असायचा. खाली येऊन त्याने हौदावरचा ऑइलपेंट पुन्हा एकदा वाचला आणि टँकर पुढच्या सोसायटीकडे वळवला. मीनाक्षीताई हॉर्न ऐकून तांब्यासकट धावल्या, पण भाविकांच्या गर्दीतून वाट काढेपर्यंत रस्त्यावर धुरळा तेवढा राहिला होता. त्यांच्या हातातला तांब्या कोणीतरी आदराने घेतला, आणि घरातलं शेवटचं पाणी भरलेल्या धरणावर शिंपडण्यात आलं.

विमान मात्र अलगद उतरलं. टाळ्या वाजल्या. "डोणगावकर परत आले असं मी जाहीर करतो," औताडे म्हणाले आणि मिरवणुकीनेच खाली गेले. व्हॉल्व्ह उघडला. आतून फुस्स करून हवा आली. हौदात कोळिष्टकं होती.

औताड्यांनी तिथूनच गोकुळला फोन लावला.

"साहेब, तुम्हीच बोलले समदे धरणावर हाय म्हणून," गोकुळ म्हणाला. "धरणावरच्या माणसाला टँकर कशाला?"

"अरे येड्या, पडद्यातलं धरण होतं ते!"

"मला काय ठाव? आता पुढच्या शनिवारी."

पण मीनाक्षीताई अशी हार खाणाऱ्यातल्या नव्हेत. लोक डोहाळजेवण नावेत करतात, चांदण्यात करतात, फुलांच्या झोक्यावर करतात. त्यांनी ते विमानात केलं. रविवारी पाहुणे ओळीने खुर्च्यांवर बसले. जेवण कागदी ताटांत. पाण्याची टीचभर बाटली प्रत्येकी एक, हात पुसायला ओला कागद. "विमानात हात धुवायला पाणी मागायचं नसतं," असं त्यांनी हसून सांगितलं. जालन्याच्या विहीणबाई तर हरखून गेल्या. "आमच्याकडे अजून कोणी केलं नाही हो असं!" म्हणाल्या. आता त्या भागात विमानातल्याच डोहाळजेवणाची टूम आहे, आणि ज्यांच्या नळाला पाणी येतं तेही हात धुवायला देत नाहीत.

लेकीची हौस म्हणून डोणगावकरांनी चारुताला नायगाऱ्यावर नेलं. पडदाभर पाणी कोसळत होतं. ती बराच वेळ टक लावून बघत बसली. मग हळूच म्हणाली, "बाबा, आवाज तेवढा बंद करा. ऐकवत नाही."

डोणगावकरांनी आवाज बंद केला. हौदावरच्या आपल्या त्या घोटीव भाषेची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त एक विचारतो. मघापासून तुम्ही आमच्या संभाजीनगरात, डोणगावकरांच्या हॉलमध्ये, आमच्याबरोबर नाथसागरावर चकरा मारताय. म्हणजे स्वतःच्या घरी नाही. तुमच्याकडेही कोणी औताडे असतीलच, आणि नियम मंजूर करताना तुम्हीही हात वर केला असेल.

मघाशी खाली हॉर्न वाजला, तो तुमच्याकडचा तर नव्हता ना?