आकृती आहे, नाव खाली हवं

आमच्या दिवाणखान्यात आमच्या लग्नाचा फोटो आहे. पाहुणे तो बघून म्हणतात, "काय बारीक होतात हो तुम्ही!" खैरनार सर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी चष्मा वर करून फोटोच्या खालची भिंत न्याहाळली आणि विचारलं, "ह्या आकृतीला क्रमांक नाही? नाव नाही?"

मी म्हटलं, "सर, हा मी आणि ही आमची मिसेस."

"ते तुम्ही उभे आहात म्हणून कळलं. तुम्ही बाहेर गेलात की कोणी सांगायचं?"

खैरनार सर आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे नामपूरचे. उभी हयात नाशिकच्या एका कॉलेजात भूगोल शिकवला. भूगोल आता सुटला, पण तक्ते आणि आकृत्या काही सुटल्या नाहीत. "तक्त्याचं नाव डोक्यावर, आकृतीचं पायाशी," हा त्यांचा मंत्र. कारण विचारलं तर म्हणतात, "तक्ता वरून खाली वाचतात, म्हणून नाव आधी. आकृती माणूस आधी बघतो, मग विचारतो हे काय आहे, म्हणून नाव नंतर." लिफ्टशेजारी पाण्याच्या वेळांचा तक्ता लागला तेव्हा त्याचं नाव खाली होतं. सरांनी ते कात्रीनं कापून वर चिकटवलं आणि तळाशी लिहिलं, 'स्रोत: सोसायटीचे सचिव, तोंडी.' सचिव महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते.

त्यांचा दुसरा लाडका शब्द हाच, स्रोत. एकदा मी सहज म्हणालो, "सर, कॉलेज रोडला एक नवी मिसळ आलीय, एकदम भारी."

"स्रोत?"

"मी स्वतः खाल्ली सर."

"प्राथमिक स्रोत. चालेल."

आता अशा माणसापासून शहाण्यानं चार हात लांब राहावं. पण मी त्याच सुमारास पीएचडी करत होतो. चाळिशी उलटल्यावर, पोट सुटल्यावर आणि प्रमोशन अडल्यावर माणसाला ज्ञानाची जी ओढ लागते, ती मला लागली होती. विषय होता कांदा साठवणुकीच्या पद्धती. माझ्या मार्गदर्शकांनी एकच अट घातली, "तक्ते आणि आकृत्या खैरनार सरांनी पाहिल्याशिवाय माझी सही नाही." प्रबंध सादर करायची तारीख डोक्यावर आली होती. मी बाड घेऊन जिना चढलो.

खरं सांगायचं तर प्रबंधात मजकूर कमी होता आणि तक्ते भरपूर. तक्त्यांनी पानं भरतात हे मला लवकर कळलं होतं. सरांनी पहिलंच पान उघडलं आणि 'खालील तक्त्यावरून' ह्या शब्दांवर पेन्सिल टेकवली.

"खालील म्हणजे कुठला? टायपिंगमध्ये पान सरकलं की हा वर जाईल. त्याला क्रमांक दिलाय ना? मग क्रमांकानं हाक मारा."

पुढे त्यांना एक तक्ता सापडला, ज्याचा मजकुरात कुठे उल्लेखच नव्हता. "ह्याला कोणी बोलावलंय?"

"असू द्या सर, आलाच आहे तर."

"हे काय मंगल कार्यालय आहे का, आला तो जेवून गेला?"

तो तक्ता मी काढला. त्याबरोबर पुढचे सगळे क्रमांक एकेकानं मागे आले आणि मजकूर मात्र जुनेच क्रमांक सांगत राहिला. परिणामी 'शेतकऱ्यांचे शिक्षण वाढत असल्याचे तक्ता ४.६ वरून स्पष्ट होते' असं मी ठणकावून लिहिलं होतं, आणि तक्ता ४.६ मध्ये उंदरांनी केलेलं नुकसान होतं. सर ते वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. दुसरं करणार काय?

सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना आकृती ४.९ आली. हा फोटो मी स्वतः नामपूरला काढला होता. कांदा साठवायच्या चाळीच्या दाराशी बसून एक बाई कांदा निवडतेय, अंगावर उन्हाची तिरीप. खाली, अगदी पायाशी, मी लिहिलं होतं: 'कांदा निवडताना एक महिला. स्रोत: संशोधकाने स्वतः घेतलेले छायाचित्र.' शाबासकीच्या आशेनं मी सरांकडे पाहिलं.

सरांनी पेन्सिल त्या ओळीवर टेकवली. मग म्हणाले, "एक महिला?"

"हो सर, एकच आहे."

"तिचं नाव काय?"

"नाव नाही विचारलं. तसा नियम कुठे आहे सर?"

माझ्या आयुष्यात नियम माझ्या बाजूनं असण्याची ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे मी जरा चढ्या आवाजातच बोललो. सरांनी बाड मिटलं. "चाळीची लांबी-रुंदी लिहिलीत. खाली संशोधक म्हणून स्वतःला घातलंत. आणि जिचा फोटो आहे तिला नाव नाही? घेऊन जा हे. मी पाहिलं असं कोणाला सांगू नका."

घरी येऊन मी थयथयाट केला. एका बाईच्या नावावरून माझी पीएचडी अडणार! आमची मिसेस शांतपणे म्हणाली, "अहो, पण नाव विचारायला काय झालं होतं?" मला ते सुचलंच नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागायला म्हणून वर गेलो. माफी कसली, सही हवी होती. सर स्वयंपाकघरात चहा टाकत होते. "आत या," म्हणाले. एरवी आमची बैठक बाहेरच्या खोलीत असायची. आत गेलो तर ओट्यासमोरच्या भिंतीवर एक फ्रेम. जुन्या छापील पानाची झेरॉक्स. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई कांद्याच्या ढिगाशी बसलेली, चेहरा अर्धा सावलीत. खाली छापलेलं: 'आकृती १२: कांदा निवडणारी मजूर स्त्री.' आणि त्याखाली सरांच्या अक्षरात: 'टीप: आकृतीतील स्त्री मजूर नसून शेताच्या मालकीण गिरजाबाई खैरनार आहेत. स्रोत: मुलगा.'

"लायब्ररीत कोणाचा तरी प्रबंध चाळत होतो," सर पातेल्याकडे बघत म्हणाले. "पान उलटलं आणि समोर आई. ती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. हा एवढाच."

मी मूर्खासारखं विचारलं, "ते खालचं छापलेलं कापून का नाही टाकलं सर?"

"मूळ आकृतीत फेरफार करता येत नाही, शिंदे. टीप देता येते."

मला लिफ्टजवळची ती कात्री आठवली. सोसायटीच्या तक्त्यावर बिनदिक्कत चालणारी ती कात्री आईच्या फोटोवर चालली नव्हती.

त्याच आठवड्यात मी एसटीनं नामपूरला गेलो. बाई त्याच चाळीपाशी होत्या. सुमनबाई अहिरे. नाव छापू का विचारलं तर हसून हो म्हणाल्या. मी नवं पान करून आणलं आणि सरांनी ते पाहून होकारार्थी मान हलवली. मार्गदर्शकांची सही झाली, प्रबंध वेळेत गेला. मी सुटलो असं मला वाटलं, पण सरांनी दारातच अडवलं.

"पान त्यांना नेऊन दिलंत का?"

पुन्हा एसटी. सुमनबाईंनी पदराला हात पुसून पान धरलं. "हाऊ फोटू मना शे? नाव बी लिखेल शे?" मी खालच्या ओळीवर बोट ठेवून त्यांचं नाव वाचून दाखवलं. त्या उठल्याच. "थांबा, सूनले दखाडस," म्हणाल्या आणि पान सुनेला दाखवायला घरात घेऊन गेल्या.

परत आल्यावर मी हे सरांना माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगितलं. त्यांनी माझे उच्चार सुधारले नाहीत. "पुन्हा सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मग ते ओट्यापाशी उभे राहून भिंतीकडे बघत म्हणाले, "आईसुद्धा असंच म्हणाली असती."

ह्या विधानाला काही स्रोत नव्हता. मी विचारलाही नाही. कप पुढे केला आणि सरांनी चहा गाळला.