बेचाळीस घरची दाळ

सेलूच्या हायस्कुलात गणित शिकवणारे रूपराव मास्तर वर्ध्याच्या शिबिरातून परतले ते अंगात आल्यासारखे. आता गणित फळ्यावर नाही, हातानं शिकवायचं! अहो, वीस वर्षं पोरं सुखानं झोपत होती, झोपू द्यायची होती की. पण नाही. नववीच्या एक्केचाळीस पोरांना त्यांनी फर्मावलं, "उद्या घरून तुरीची दाळ आणजा. कोणी एक वाटी, कोणी चार. सरासरी डोळ्यानं दाखवतो!"

एकच मोठा आकडा सरासरीला कसा फुगवतो, हे दाखवायला मास्तरांनी स्वतः घरचा अख्खा डबाच उचलला. मनकर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, निवडून-पाखडून ठेवलेली दाळ होती ती. (विचारणार होते, पण बाई विहिरीवर गेलती. बरंच झालं म्हणाले.)

वर्गात सतरंजीवर सगळी दाळ ओतली, कालवली, बेचाळीस सारखे ढीग केले. "हे पाहा, एका ढिगाची दाळ म्हणजे सरासरी!" पोरांनी टाळ्या पिटल्या. मग ज्यानं जेवढी आणली तेवढी त्याला मोजून परत. कोणाचं दाण्याचंही नुकसान नाही. मास्तरांनी डबा जागेवर ठेवला आणि छाती काढून फिरले.

दाळ ती दाळ, असं पुरुषाला वाटतं. त्या ढिगात कोणाची नवी होती, कोणाची दोन वर्षांची जुनी, कोणाची रेशनची. ती सगळी एका वेळी थोडीच शिजणार!

रविवारी आष्टीचे किसनराव आपल्या मुलासाठी मास्तरांची लेक गंगा पाहायला आले. स्थळ चांगलं, जमीन चांगली, मुलगा तलाठी. मुलीच्या हातचं वरण खाऊ घालायचं ठरलेलं. इकडे चुलीपाशी गंगा रडकुंडीला आली.

"आई, दोन तास झाले, काऊन शिजून नाई राह्यली ही? अर्धी विरघळली, अर्धी तशीच!"

"घोट अजून. पाहुणे पाटावर बसले."

किसनरावांनी पहिला घास घेतला. कट्कन आवाज आला. त्यांनी दाणा काढून ताटाच्या कडेला ठेवला. दुसऱ्या घासाला दुसरा.

"पोरीले साधं वरणही जमत नाई वाटते," ते म्हणाले.

दाराआड गंगाचे डोळे भरले. मास्तरांना सगळं कळलं, तोंड मात्र उघडेना. पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा माणूस, लेकीवर आळ येताना पाण्याच्या तांब्यात तोंड घालून बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. किसनरावांनी हात धुतले. "येतो मंग. कळवतो." कळवतो म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

"पोरीचा दोष नाई!" मास्तर एकदम ओरडले. "दाळ बेचाळीस घरची हाय!"

"भीक मागून आणली का?" किसनरावांनी विचारलं.

मग शिबिर, सतरंजी, ढीग, सगळं मान खाली घालून सांगावं लागलं. आणि इतकं झाल्यावर तरी गप्प बसावं की नाही? "अर्धी विरघळली, अर्धी कच्ची. म्हणजे सरासरी पाह्यली तर बरोब्बर शिजली ना जी."

मग आतून आवाज, "माह्या डब्याले हात लावला तुमी?"

किसनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पोरगी पसंत आहे मास्तर! तुमच्या घरात राहून इतकी शांत हाय, आमच्याकडं सहज निभावंल."

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ठरलेल्या गोष्टी लिहायला, अक्षर चांगलं म्हणून, कागद मास्तरांच्याच हाती दिला. चार पाहुण्यांसमोर किसनरावांनी शेवटचं कलम सांगितलं, "लग्नघरी पोरीच्या बापानं दाळीच्या पोत्यापासून दहा हात लांब राहावं." मास्तरांनी कान लाल होईस्तोवर ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

"दहा नोको," आतून मनकर्णाबाई म्हणाल्या, "वीस लिहा!"

मास्तरांनी निमूटपणे दहा खोडलं.