शिर्दाकांच्या फोटोंचं अपहरण

नारिन शहरात फारसे गुन्हे होत नाहीत, याचं श्रेय लोक थंडीला देतात. ते मला द्यायला हवं. मी एल्दियार. नजर तीक्ष्ण, मेंदू त्याहून तीक्ष्ण. पोटाबद्दल बोलायचं कारण नाही. कान्यकेई एजेंच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, कारखान्यात लोकरीचे शिर्दाक गालिचे बनतात, आणि तिथल्या संगणकांची राखण माझ्याकडे आहे. फायरवॉलचे मूळ नियम मीच घातले: कुणाला आत घेऊ नये, कुणाला उत्तर देऊ नये, कुणाचं ऐकू नये. लग्नानंतर घरीही मी हेच नियम लावून पाहिले होते. तिथे ते टिकले नाहीत.

त्या दिवशी एजे ओरडतच आल्या. "मेल्या, दोन ओळींचं पत्र जातं, पण गालिच्याचा एक फोटो जात नाही! संध्याकाळपर्यंत फोटो पोचले नाहीत तर गिऱ्हाईक हातचं जाईल. मग हिवाळाभर माझ्या बायका काय लोकर चघळतील?"

"अपहरण," मी गंभीरपणे म्हणालो.

पहिला संशय पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यावर. पण तिथे वीजच नव्हती. मग वाटलं, गालिच्यावरची मेंढ्याच्या शिंगांची नक्षी हेरांना सांकेतिक लिपी वाटली असणार. त्यानंतर मांजर. तिकडे एजेंची भाची बुरुल एकेका गालिच्याचे फोटो पुन्हा काढत होती, तेव्हा मी चोराला रंगेहाथ पकडायला सर्वांत मोठ्या गालिच्यावर दबा धरून पडलो. डोळे मिटले ते केवळ त्याला बेसावध करण्यासाठी.

उठलो तर बुरुल माझ्याच खुर्चीत!

"बाइके," दादाला आमच्याकडे असंच म्हणतात, "फोटो लहान केला तरी जात नाही. यंत्र त्याची गाठोडी बांधून पाठवतं ना? वाटेत कुठेतरी खिंड अरुंद आहे. तिथून निरोप येतो, गाठोडं मोठं झालं, लहान बांधा. तो ऐकायचा, असा साऱ्या जगाचा ठरलेला नियम आहे. तुमची फायरवॉल निरोप्यालाच हाकलते."

"बाहेरचा माणूस तो! याला सुरक्षा म्हणतात."

"अरे, अनोळख्याला घरात नको घेऊस," एजे कडाडल्या, "पण दारात आलेल्याला नानचा तुकडा मोडू न देता घालवतं का कुणी?"

बुरुलने चोरांसाठी दार बंदच ठेवलं, निरोप्यापुरती फट उघडली. फोटो भराभर गेले. माझा जीव भांड्यात पडला, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"गुन्हेगार सापडला," मी जाहीर केलं.

"हो, समोरच उभा आहे," बुरुल म्हणाली.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. बुरुलने मोठ्याने वाचलं: "सगळे गालिचे पसंत. मोठ्या गालिच्यावर झोपलेला माणूस मात्र नको."

एजे म्हणाल्या, "विचार, फुकट दिला तर नेतील का."