बल्लाळपंत गुप्तहेरांस रणांगणी उतरविले त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्त्यास वंदून, आणि ज्यांनी ज्यांनी हे प्रकरण डोळ्यांनी पाहिले त्यांची शुद्ध शाबूत राहो ऐसी प्रार्थना करून, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृतनाम संवत्सरी, कोणे एके राज्यी जे वर्तमान घडले ते जैसे समजले तैसे लिहितो. जे समजले नाही तेही लिहितो, कारण तेच बहुत आहे.

त्या राज्यी महाराज चित्रपट काढवीत असत, आणि त्यांची मर्जी लढाईवर. ज्यात घर जळत नाही आणि मोटार उडत नाही तो त्यांस चित्रपटच वाटेना. एके दिवशी दरबारी पुसिले की, "पोराथोरांस ठाऊक ऐसी जुनी गोष्ट कोणती?" तेव्हा दिग्दर्शक निळोपंत यांणी अर्ज केला की, बल्लाळपंत गुप्तहेरांची गोष्ट घरोघर वाचली जाते. ती ऐसी की, एका सरदाराचे दुधात विष पडते, आणि सारे घर स्वयंपाकीणबाईंवर संशय घेते, मग बल्लाळपंत, जे पायाने अधू, ते पाटावर बसून चार माणसांस चार प्रश्न करितात, आणि घरचा वैद्य, ज्यास सारे देवमाणूस म्हणतात, तोच खुनी ऐसे सिद्ध करितात. महाराज म्हणाले, "यात लढाई कोठे?" निळोपंत म्हणाले, "नाही, महाराज." महाराज म्हणाले, "मग घाला."

मूळ लेखक कैलासवासी जाहले होते. त्यांच्या कन्या मथुताई, सत्तरी उलटलेल्या, त्यांजकडे निळोपंत परवानगी मागावयास गेले. बाईंनी चहा दिला, सर्व ऐकून घेतले आणि बोलिल्या, "घोडे घाला, मोटारी घाला. खुनी मात्र बदलू नका." निळोपंतांनी शब्द दिला.

मग मोहीम सुरू जाहली. बल्लाळपंतांचे कामी रायाजीराव यांस नेमिले. ते मूळचे पैलवान, उंच इमारतीवरून उडी टाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सबब बल्लाळपंतांचा अधू पाय पहिल्याच दिवशी बरा जाहला, आणि पाट गेला, आणि प्रश्न गेले, आणि दुधाचा पेला तर मारामारीतच फुटला, मग सरदार कशाने मेला हे कोणास सांगता येईना. पुढे नावेवर लढाई जाहली, आणि मग पुलावर जाहली. रायाजीरावांनी फाइटमास्टर कासम यांस पुसिले, "मी या लोकांस का मारितो?" कासम म्हणाले, "साहेब, ते तुमच्या अंगावर आले म्हणून." "ते का आले?" "तुम्ही मारणार म्हणून." रायाजीरावांस विचार पडला, परंतु दिवा लागला होता, कॅमेरा चालू होता, मग त्यांनी मारिले.

इतक्यात वैद्याचे काम करणारे भालचंद्रपंत रुसले. त्यांणी जन्मभर संतांची कामे केलेली. ते म्हणाले, "लोक माझ्या तसबिरीस हार घालतात. मी विष घालणार नाही." महाराजांस त्यांची भीड मोठी, म्हणून वैद्य निर्दोष ठरला. मग खुनी कोण? सोमवारी सरदाराचा पुतण्या ठरला, मंगळवारी नावाडी, आणि मग महाराज म्हणाले, "स्वयंपाकीणच बरी. सारे घर तिच्यावर संशय घेतच आहे, श्रम वाचतील." निळोपंतांनी मान खाली घातली. पुन्हा महाराजांस तेही गोड वाटेना, मग हुकूम जाहला की, "शेवटी रायाजीरावांनी नुसते बोट दाखवावे. बोटासमोर कोण, ते संकलनाचे वेळी ठरवू."

शेवटचे चित्रण हवेलीत होते. हवेली प्लायवुडाची, आणि तो प्रसंग आटोपताच सुरुंगाने उडवावयाची होती. त्या दिवशी मथुताई पाहावयास आल्या होत्या. रायाजीराव आगीस भीत नसत, पाण्यास भीत नसत, परंतु बोट कोणावर रोखतो हे न कळता रोखणे त्यांस जमेना. ते बाईंपाशी जाऊन खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, "ताई, खुनी कोण?"

"तुम्हीच बल्लाळपंत ना?"

"होय. पण मला कोणी सांगत नाही."

बाई म्हणाल्या, "आमच्या आजोबांच्या घरी सरसाकाकू स्वयंपाकाला होत्या. एकदा चांदीचं तबक गेलं. नेलं होतं थोरल्या काकांनी. बाबांनी पाहिलं होतं, पण ते लहान. त्यांनी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. सरसाकाकू अंगावरच्या लुगड्यानिशी गेल्या. पुढं बाबांनी ही गोष्ट लिहिली. गोष्टीत तरी कुणीतरी ऐकावं म्हणून."

रायाजीराव "म्हणजे वैद्य," इतके बोलून उठले. निळोपंत मागेच उभे होते. त्यांणी सर्व ऐकिले होते, परंतु बाईंकडे पाहावयाचे धैर्य त्यांस होईना.

मग सर्व मंडळी दिवाणखान्यात उभी केली, आणि कॅमेरा सुरू जाहला. रायाजीरावांनी बोट उचललेच नाही. नेमली जागा सोडून ते सरळ चालत गेले आणि भालचंद्रपंतांचे मनगट धरून म्हणाले, "वैद्यराज, दूध तुम्ही दिलंत." भालचंद्रपंतांस काही उमगेना. ते हात सोडवू लागले, परंतु मूठ पैलवानाची. चेहरा उतरला, घाम सुटला, आणि ऐसा अपराधी मुद्राभाव त्यांस जन्मात साधला नव्हता. स्वयंपाकीणबाईंचे काम करणारी नटी, तिलाही कोणी काही सांगितले नव्हते, ती मटकन खाली बसली आणि खरेच रडू लागली. निळोपंतांचे ओठांवर "कट" आले होते. ते त्यांणी गिळिले, आणि सर्व चित्रित होऊ दिले, आणि मग मंडळी बाहेर काढून कासम यांस इशारा केला. सुरुंग उडाला. महाराज धावत आले आणि म्हणाले, "हे काय? पुन्हा घ्या." कासम म्हणाले, "कुठं घेऊ, महाराज? हवेली उडाली."

संकलकांनी बहुत यत्न केले. बोट असते तर कोणासमोरही जोडिले असते. येथे मनगट मुठीत, कात्री घालावी कोठे? मग तैसाच चित्रपट लागला. लोकांनी स्फोटास टाळ्या पिटिल्या, म्हणोन महाराज संतुष्ट जाहले. भालचंद्रपंत आठवडाभर घराबाहेर पडेनात. मग लोक घरी येऊन वाखाणू लागले, तेव्हा ही कल्पना आपलीच ऐसे सांगू लागले. पहिल्या खेळास मथुताई कानांवर पदर घेऊन बसल्या होत्या. मनगट धरिले तेव्हा पदर काढिला, आणि खेळ संपेतो पुन्हा घेतला नाही. बाहेर रायाजीराव उभे होते. त्यांणी पुसिले, "कसा वाटला, ताई?"

"मला काही कळलं नाही हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून पायऱ्या उतरू लागल्या.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. नावेवरचे कोण, पुलावरचे कोण, वैर कशाचे, हे पाहणारांस कळले नाही, करणारांस कळले नाही, आणि लिहिणारासही अद्याप कळले नाही. स्वयंपाकीणबाईंनी काही केले नव्हते, येवढे मात्र राज्यातील लहानथोरांस कळले. येथे लेखणी ठेविली.