पाचोळ्यातली तूट

बागेच्या मागच्या कोपऱ्यातल्या खतखड्ड्यात एकूण चौदा प्रजाती होत्या : गांडुळांच्या दोन, मुंग्यांच्या तीन, भुंगेऱ्यांच्या दोन, बुरशीच्या तीन, आणि गोगलगाय, वाणी, गोम, कोळी यांची प्रत्येकी एक. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू यात धरलेले नाहीत.

ही मोजणी उद्यान कार्यालयातल्या नव्या मुलीने गुडघे टेकून केली होती. जीवशास्त्र शिकून ती हंगामी नेमणुकीवर आली होती आणि सगळे तिला किडेवाली म्हणत. अहवाल साहेबांच्या पसंतीस उतरला, की नोकरी कायम होणार होती.

त्याच आठवड्यात लेखापरीक्षक आले. झाडलोटीचा पाचोळा वजन करून जमा धरायचा आणि मगच खड्ड्यात टाकायचा, अशी तिथली पद्धत. कागदावर जमा चारशे किलो. खड्ड्यात भरला एकशे साठ. फाटकाचं कुलूप जागेवर, भिंत शाबूत, आणि दोनशे चाळीस किलो सरकारी पाचोळा गायब. निवृत्ती तोंडावर आलेल्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुजला, साहेब," किडेवाली म्हणाली.

"कुजला, हे ठीक. पण कुजवला कोणी?"

आजवर तिला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. वाणी आणि भुंगेरे पानं कुरतडतात, गांडुळं ती गिळतात, राहिलेलं बुरशी फस्त करते, बराचसा भाग वायू होऊन हवेत जातो आणि बाकीचा पुन्हा झाडांना मिळतो, असं तिने हातवारे करून सांगितलं. साहेब लिहून घेत होते. मग त्यांनी तिचा अहवाल मागून घेतला आणि ओळ न् ओळ वाचला. तिला अगदी भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तो अहवाल वरच्या कार्यालयात गेला, 'तुटीस जबाबदार असलेल्यांची यादी, एकूण चौदा' म्हणून. जबाबदारी निश्चित केल्याबद्दल वरून समाधान आलं आणि संबंधितांना तत्काळ दूर करावं, असा आदेशही आला.

ती धावत साहेबांच्या खोलीत गेली. ही चौदा म्हणजेच आपली जैवविविधता, फाटकावरच्या फलकावर आपणच तसं लिहिलंय, असं तिने सांगून पाहिलं. फलकाला कोण हात लावतंय, असं साहेब म्हणाले.

"पण साहेब, ती मेली तर पाचोळा कुजायचाच थांबेल."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, मग आम्ही कालपासून दुसरं काय म्हणतोय?"

फवारणीच्या कागदावर जाणकाराची सही लागत होती, आणि कार्यालयात जाणकार एकच होती. घरी तिने विषय काढला, तेव्हा आईने पोळपाटावरची नजर न हलवता विचारलं, "बुरशीपायी नोकरी सोडली म्हणून सांगू का मामाला?" तिने सही केली. मनाला टोचणी नको, म्हणून मूठभर गांडुळं डब्यात घालून तिने घरी आणली आणि डबा मोरीजवळ ठेवला. सकाळी डबा लख्ख घासून पालथा घातलेला होता.

फवारणी झाली. वास गेला, मुंग्या गेल्या. तुटीतला पाचोळा नव्या झाडलोटीतून भरून काढला गेला. फिरायला येणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्या सज्जन मंडळींनी आभाराची पत्रं लिहिली. बागेत पहिल्यांदाच निसर्गाचा निवांत आनंद घेता आला, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. त्यांच्या आग्रहावरून खड्ड्याभोवती बाकं आली. साहेब सन्मानाने निवृत्त झाले. किडेवाली कायम झाली.

कायम झाल्यावरचं तिचं पहिलं काम वार्षिक मोजणीचं. ती पुन्हा गुडघे टेकून बसली, भिंग घेऊन पान न् पान उलटलं, मग मान वर करून आजूबाजूला पाहिलं आणि नोंद केली :

पाचोळा : चारशे किलो. तूट : शून्य. प्रजाती : एक, दोन पायांची. संख्या : सव्वीस. सर्व बाकांवर, समाधानी.