गच्चीवर सूर्याचा अंमल बसला त्याची हकीकत

आधी नमन सूर्यास, जो कोणाच्या सभेची वाट न पाहता उगवतो. नंतर विनंती ऐसी की, चार मजली इमारतीचे गच्चीवर त्याचा अंमल कैसा बसला, मसलती काय जाहल्या, कोण रुसले आणि कोण वळले, ते यथास्थित लिहिले आहे. वाचणाऱ्यांनी उजेडात बसून वाचावे.

मोहिमेचे मूळ पुरुष मास्तर. भूगोल शिकवून निवृत्त जाहले, परंतु पृथ्वीची काळजी काही निवृत्त जाहली नाही. शेवटच्या साध्या दिवशी त्यांनी चहा घेतला, बशीत सांडलेलाही घेतला, आणि जुने बनियन फडके म्हणून हाती धरून खासा स्वारी गच्चीवर चालती जाहली. तेथे टाकीचे बाजूस त्यांचे एकुलते सौर पॅनेल, आणि त्याची तार जिन्याने उतरून तळमजल्याच्या एका दिव्यास पोचलेली. जिना ऐसा की भर दुपारी अंधार. वीज गेली म्हणजे शेजारी शेजाऱ्यावर आदळून मगच क्षेमकुशल विचारीत. मास्तरांनी पॅनेल पुसले, मग खटका दाबला, मग जिन्याच्या पोकळीत वाकून रोजची गर्जना केली, "लागला का गं?"

खाली कन्या उभी. ती ग्रंथालयात कामास. हळू बोलणे हाडीमाशी खिळलेले. चार मजल्यांस ऐकू जाईल ऐसे ओरडणे म्हणजे तिला प्राणसंकट. सबब तिने आपली रीत पाडली होती: कठड्यावर किल्लीचे दोन टोले म्हणजे लागला, एक टोला म्हणजे नाही. त्या दिवशी तिने दोन टोले दिले आणि कामास रवाना जाहली. तोंड काय भाड्याने दिले आहे की काय, ऐसे मास्तर वरून पुटपुटले ते तिने ऐकले. दुसरे दिवशी पहाटे मास्तरांस देवाज्ञा जाहली.

ऐन त्याच समयी नगरपालिकेचे फर्मान सुटलेले होते की, हवा तापत चालली, सबब प्रत्येक वस्तीने आपली थोडकी वीज आपण करावी. जी इमारत गच्ची देईल तिचा जिना, पंप आणि लिफ्ट पालिकेच्या पॅनेलांवर चालेल. महिनाअखेर होकार न आल्यास सगळा सरंजाम समोरच्या इमारतीस जाईल. मास्तरांनी अर्धी घरे वळवून ठेविली होती. उरलेली अर्धी मोहीम सरदारावाचून पडली, आणि समोरचे लोक गच्ची झाडून वाट पाहत बसले.

इमारतीचे अध्यक्षसाहेब मोठे सावध. घरात चहा हवा की नको, हेही ते पुढील सभेवर टाकीत. त्यांनी जाहीर केले की, तिसऱ्या मजल्याची हरकत नसेल तर आपली हरकत नाही, आणि असेल तरी तिजबद्दल आपली हरकत नाही.

तिसरा मजला म्हणजे मावशी. गच्ची त्यांच्या दोऱ्यांच्या ताब्यात. दोन भिंतींमध्ये चादरींची फौज बारमाही उभी, आणि तिची सावली मास्तरांच्या पॅनेलावर पडे, त्यावरून उभयतांचा जुना दावा. मावशी जपणुकीत कोणास हार जाणाऱ्या नव्हत्या. रिमोटास प्लास्टिकचे चिलखत, सोफ्यास खोळ, खोळीवर चादर, आणि पाहुण्यांस हळू बसण्याचा हुकूम.

कन्या एकटीच त्यांच्या दारी गेली. बापाचे बनियन गजावर वाळत होते तसेच ठेवून गेली. मुद्दे पुष्कळ योजिले होते. परंतु दार उघडताच सगळे पळून गेले, आणि ती खोळीवरील चादरीवर हळूच बसली. मावशींनी चादर न्याहाळली; एक सुरकुती नव्हती.

"मास्तर असते तर भांडले असते," त्या म्हणाल्या. "तू तर भांडतही नाहीस. आता मी हरू कशी?"

मग तह जाहला. दोऱ्या टाकीपलीकडे हलाव्या; गच्ची पॅनेलांस द्यावी; आणि पॅनेलांची निगा खुद्द मावशींनी राखावी, कारण बनियनने पुसणे घराण्यास शोभत नाही.

पॅनेले आली, बसली, कारागीर तारा जोडून गेले. दुसरे दिवशी दुपारी चाचणी ठरली. समस्त रयत जिन्यात जमली, अध्यक्षसाहेब इस्त्रीचा सदरा घालून आले, पालिकेचे साहेब घड्याळ पाहत उभे राहिले, आणि तळमजल्याच्या पेटीपाशी वायरमनने खटका दाबला. अंधार. पुन्हा दाबला. पुन्हा अंधार. वायरमनने पेटी उघडली, तारा चाचपल्या, मग आकाशास दोष दिला; परंतु बाहेर ऊन ऐसे की डांबर वितळावे. पालिकेच्या साहेबांनी कळविले की, आज दिवा न लागल्यास सरंजाम उद्या समोर जाईल. समोरच्या खिडक्यांत डोकी वाढली. तेव्हां कन्या एकटीच जिना चढली.

वर पाहते तो प्रत्येक पॅनेलास जाड दुपदरी खोळ. नाडीने आवळलेली, कडा शिवलेल्या, वर इस्त्री. मावशी छत्री धरून पहाऱ्यास.

"रात्रभर शिवत होते," मावशी म्हणाल्या. "एवढ्या उन्हात कोऱ्या काचा उघड्या ठेवायच्या? रंग उडेल ना."

कन्या हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्याने हसली, आणि हसता हसता तिला टाकीस धरून उभे राहावे लागले.

"मावशी, त्यांना ऊनच खायचं असतं."

"मग आधी सांगायचं नाही का? तुझे बाबा सगळं ओरडून सांगायचे. तू म्हणजे ना, नुसती किल्ली."

मग उभयतांनी खोळी सोडिल्या. मावशींनी एकेक नीट घडी घालून काखेत मारली, न जाणो थंडीत लागतील. कन्या खाली उतरून आपल्या जागी उभी राहिली. वायरमनने खटका दाबला, आणि तळापासून वरपर्यंत मजल्यामागून मजला उजळत गेला, आणि पंप खाकरला, आणि लिफ्टीने दार उघडून मिटले. येणेप्रमाणे गच्ची फत्ते जाहली, जिना काबीज जाहला, समोरच्या खिडक्या बंद जाहल्या, आणि विजय मास्तरांचे नावे नोंदला गेला.

तोच वरून पोकळीत वाकून मावशींनी हाक दिली. वर्षानुवर्षे रोज सकाळी कानी पडलेली, तशीच्या तशी दिली.

"लागला का गं?"

कन्येचा हात सवयीने किल्लीकडे गेला. किल्ली कठड्यापर्यंत आली आणि तेथेच थांबली. सगळा जिना वाट पाहत होता. मग तिने मान वर केली, आणि चौथ्या मजल्यापलीकडे पोचेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "लागला, बाबा. लागला."