एक खुर्ची, दोघी आणि बरोबरची खूण

नोकरी भाकरीसारखी मधोमध मोडता येते, असं गायत्रीचं ठाम मत होतं. ते तिनं आधी नवऱ्याला ऐकवलं, मग सासूला आणि शेवटी आपल्या गुजराती मालकांना, धर्मेंद्रभाईंना. त्यांच्या साड्यांच्या पेढीत गावोगावच्या दुकानांना माल पाठवण्याचं काम ती अकरा वर्षं बघत होती.

गायत्रीची रुही चार वर्षांची. तिच्यामागे धावून सासूबाईंचे, म्हणजे उषाबाईंचे, गुडघे पार कामातून गेले होते. हाताखालची स्वाती बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती, ती राजीनाम्याचं बोलत होती. तर दोघींनी एकच जागा वाटून घ्यायची. गायत्री दहा ते दोन, स्वाती दोन ते साडेसहा. अर्धं काम, अर्धा पगार.

"पार्टीला, घेणाऱ्या दुकानदाराला, समजायला नको के माणूस बदललं," धर्मेंद्रभाई म्हणाले. "पंधरा दिवस बघू. गडबड झाली तर एकच बेन राहील, आखा दिवस."

"समजणारच नाही," गायत्री म्हणाली. "आम्ही वही केलीय."

जाणारीनं वहीत लिहून ठेवायचं, येणारीनं वाचून पुढे चालू करायचं. चार दिवस काम लोण्यासारखं चाललं. गायत्री तीनला उधन्यात घरी पोचायची आणि बिल्डिंगमधल्या बायकांना आयुष्याची घडी कशी बसवावी ते सांगायची.

पाचव्या दिवशी नंदुरबारहून भिकनशेठचा फोन आला.

"ताई, तोच माल परत कसा उना? मना दुकानमा आते मीच मावत नही."

तो ठेवते तोच शहाद्याहून शोभाबाई. "अहो, परवा लग्न आहे, गिऱ्हाईक दुकानात ठाण मांडून बसलंय. माझ्या साड्या कुठायत?"

गायत्रीनं वही उघडली. नंदुरबारपुढे बरोबरची खूण होती, शहाद्यापुढेही होती. तिनं स्वातीला घरी फोन लावला.

"नंदुरबारपुढे खूण तू केलीस?"

"हो. माल गेला म्हणून."

"गेला म्हणून?"

"मग खूण कशाला करतात?"

गायत्री हळूच खुर्चीत बसली. अकरा वर्षं आपल्या एकटीच्या वहीत ती खूण करत आली होती ती 'हे आज पाठवायचंच आहे' म्हणून. म्हणजे स्वातीनं पाठवलेलं तिनं पुन्हा पाठवलं होतं, आणि तिनं पाठवायला सांगितलेलं स्वातीनं गेलं असं धरलं होतं. चार दिवस सगळं सुरळीत वाटलं, कारण माल पोचायलाच तेवढे दिवस लागत होते. वहीत खुणा होत्या एकवीस.

अर्ध्या तासात स्वाती रिक्षानं आली, काखेत बाळ. दोघींनी दोन फोन घेतले आणि ज्याच्याकडे माल दोनदा गेला त्याला, ज्याच्याकडे गेलाच नाही त्याचा पत्ता द्यायला सुरुवात केली.

"शहादा?" भिकनशेठ म्हणाले. "शोभाबाई मनी याहीन शे. पोरीच्या लग्नातल्या मानपानापासून आमचं बोलणं बंद शे."

"मग विहिणीशी बोलू नका शेठ. गठ्ठे उतरवा आणि निघा."

चार वाजता धर्मेंद्रभाई आले तेव्हा खुर्चीत दोघी अर्ध्या अर्ध्या बसल्या होत्या आणि साड्यांच्या गठ्ठ्यावर बाळ झोपलं होतं.

"आजे बेय? दोघी एकदम?"

गायत्री उठून उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. "खूण माझी होती."

"माझीपण," स्वाती म्हणाली.

धर्मेंद्रभाई वही पुढे ओढून खुणा मोजू लागले. तेवढ्यात शोभाबाईंचा फोन आला, तो त्यांनीच घेतला. पलीकडून त्या म्हणत होत्या, माल थेट दुकानाच्या दारात पोचला, ट्रान्सपोर्टच्या गोदामातून आणावा लागला नाही, असं याआधी कधी झालं नव्हतं. आणि माल घेऊन आलेले व्याही जेवायला थांबलेत, आमचं तर बोलणं बंद, मग त्यांना साधा भात चालतो का कुणाला विचारू?

धर्मेंद्रभाईंनी फोन ठेवला. "चालू राहू द्या," ते म्हणाले. "पण आता वहीमां खूण नाही. अक्षरांत लिहा. गेला, नाही गेला."

पंधरा दिवस सरले, वाटणी कायमची झाली. त्या दिवशी गायत्री तीनला घरात शिरली आणि रुहीला उचलून म्हणाली, "आता यापुढेही मी रोज तीनलाच येणार."

रुहीनं विचार केला. "रोज?"

"रोज."

"मग मी आणि आजी सिरियल कधी बघायची?"

गायत्रीनं सासूबाईंकडे पाहिलं. दुखऱ्या गुडघ्यांच्या उषाबाई मोठ्या चपळाईनं उठून रिमोट उशीखाली सरकवत होत्या.